पहिल्यांदाच नेपाळला जाता? दारव्ह्याकडून 13 वर्षं माणसं नेतो, त्यातून सांगतो

ताई, तुम्ही विचारलं की दिवाळीनंतर आई-बाबा, मोठे बाबा-मोठी आई आणि गावातले मिळून 14 जण नेपाळला जायचं म्हणतात, लुंबिनी, काठमांडू, पोखरा आणि जमलं तर मुक्तिनाथ, यातलं कोणीच आजवर देशाबाहेर गेलेलं नाही, तर काय माहिती पाहिजे. आणि शेवटी लिहिलं की नेपाळ तसं आपल्यासारखंच आहे ना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचा, शेती आहे, आणि 13 वर्षांपासून आपल्या भागातली माणसं वर्षातून एक-दोन खेपा नेपाळला नेतो. माझ्या पाहण्यात ज्या ज्या ग्रुपची फजिती झाली त्यातल्या बहुतेकांची याच एका वाक्यानं झाली. देवळं तीच, कपाळावर कुंकू तेच, पाटीवरची अक्षरं वाचता येतात, व्हिसा लागत नाही, त्यामुळे माणसाला वाटते आपण जरा लांबच्या तालुक्यात आलो. पण ते वेगळं राज्य आहे, त्याचं घड्याळ वेगळं, कॅलेंडर वेगळं, पैसा वेगळा, कायदा वेगळा आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. हे एवढं घरून निघतानाच डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जाते.

आधी कागदपत्रं, कारण याला वेळ लागते. नियमानं पासपोर्ट नाही तर मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक मूळ प्रत. आधार चालते असं गावात सगळेच सांगतील, आणि गोरखपूरच्या पुढे सुनौलीच्या बॉर्डरवर पायी जाताना कधीकधी कोणी विचारतही नाही, त्यामुळे तो समज पक्का होते. आधार चालते ते 65 च्या वरच्यांना आणि 15 च्या आतल्या लेकरांना. मधल्या वयाचा माणूस फक्त आधार घेऊन गेला आणि काही कारणानं विमानानं परतायची वेळ आली की काउंटरवर अडकते. माझ्यासोबतचे एक भाऊ, वय 58, काठमांडूत छातीत दुखायला लागलं, डॉक्टर म्हणाले बसनं नेऊ नका, विमानानं न्या, आणि जवळ फक्त आधार. मतदार कार्ड घरी कपाटात. त्यांच्या पोरानं इकडून फोटो पाठवला पण फोटो चालत नाही, मूळ कार्ड लागते. दीड दिवस गेला नुसता वकिलातीत आणि इकडेतिकडे. म्हणून मी आता महिनाभर आधी प्रत्येकाच्या घरी जाऊन मतदार कार्ड हातात घेऊन पाहतो, नाव बरोबर आहे का, फोटो ओळखू येते का. आपल्याकडे बायकांच्या कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असं सर्रास राहते, ते आत्ताच दुरुस्तीला टाका. 15 ते 18 मधलं कोणी असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकाचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखपत्र लागते.

व्हिसा काहून लागत नाही तर 1950 चा दोन देशांमधला मैत्री करार. साडेसतराशे किलोमीटरची सीमा, इकडचे लोक तिकडे, तिकडचे इकडे, रोटीबेटीचं नातं. पण त्याच्या आधीचंही थोडं माहीत पाहिजे. गोरखा नावाच्या छोट्या राज्याचा राजा पृथ्वीनारायण शाहनं 1768-69 मध्ये काठमांडू खोरं जिंकलं आणि तिथून आजचं नेपाळ उभं राहिलं. पुढे इंग्रजांशी लढाई झाली, सुगौलीच्या तहात (1815-16) त्यांचा बराच मुलूख गेला, पण देश गुलाम झाला नाही. "आम्ही कोणाच्या ताब्यात नव्हतो" हे नेपाळी माणूस मनापासून सांगते. आपल्यातला कोणी सहज बोलून जाते की हे तर भारताचाच भाग होतं पूर्वी, आणि समोरचा गप्प होते. तो गप्प झाला म्हणजे त्याला पटलं असं समजू नका.

दुसरं, म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात पक्कं असते की नेपाळात राजा आहे आणि ते एकमेव हिंदू राष्ट्र आहे. राजेशाही 2008 च्या मे महिन्यात संपली, आता गणराज्य आहे, 2015 च्या सप्टेंबरात नवीन संविधान आलं, त्यात देश धर्मनिरपेक्ष आहे, 7 प्रदेश आणि 77 जिल्हे. राजा परत यावा असं म्हणणारेही तिथं भेटतात आणि नको म्हणणारेही, पाहुण्यानं त्यात पडू नये. त्याच 2015 मध्ये एप्रिलच्या 25 तारखेला मोठा भूकंप झाला, 7.8 चा, नऊ हजाराच्या आसपास माणसं गेली, आणि तो घाव ओला असतानाच सप्टेंबरपासून बॉर्डरवरून गॅस, पेट्रोल, औषधं यायची बंद झाली, चार-पाच महिने. भारत सरकारनं सांगितलं नाकाबंदी आम्ही केली नाही, पण तिथल्या लोकांच्या मनात ती भारतानं केली असंच बसलं आहे. तसंच कालापानी-लिपुलेखचा नकाशा, म्हणजे सीमेवरच्या ज्या भागावर दोन्ही देश हक्क सांगतात तो. कोणी हा विषय काढला तर ऐकून घ्या, दोन्ही बाजूचं वाचलेलं नसताना वाद घालू नका.

आता बोलण्याचं एक, हे मी प्रत्येक ग्रुपला गाडीत बसायच्या आधी सांगतो. काठमांडूच्या वाटेवर मुग्लिंगच्या अलीकडे रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही जेवायला बसलो होतो, वीस-बावीस वर्षांचा पोरगा बादलीतून भात वाढत होता. आमच्यातले एक काका सत्तरीचे, मनानं लय साधे, त्यांनी प्रेमानं हाक मारली, "ए बहादूर, भात आन रे इकडं." पोरानं बादली टेबलावर ठेवली आणि आत निघून गेला, परत आलाच नाही, मालकीणबाईनं येऊन वाढलं. काकांना समजेना काय चुकलं. आपल्या तालुक्याच्या गावात रात्री शिटी वाजवत, काठी आपटत फिरणारा आणि महिन्याच्या शेवटी दारोदारी दहा-वीस रुपये मागणारा गोरखा आपण सगळ्यांनी पाहिला, त्याला सगळे बहादूरच म्हणायचे. मी बाहेर जाऊन त्या पोराशी बोललो तर त्याचे वडील पुण्याला वॉचमन होते, 20 वर्षं, आणि तिथं एकालाही त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं. काकांना हे सांगितलं तर ते उठून त्याच्याजवळ गेले, त्याचं नाव विचारलं, आणि पुढचे आठ दिवस प्रत्येक हॉटेलात आधी नाव विचारायचे. तिथं मोठ्या माणसाला दाइ, मोठ्या बाईला दिदी, लहानाला भाइ, लहान पोरीला बहिनी म्हणायचं, आणि कोणी हाक मारली तर "हजुर". एवढ्यावर अख्खा प्रवास निघते.

भाषेची भीती ठेवूच नका. हिंदी बहुतेकांना समजते, तराईत म्हणजे आपल्या सीमेलगतच्या सपाट भागात तर सर्रास. आणि नेपाळी देवनागरीत आहे, त्यात आपल्याला ओळखीचे शब्द सापडतात. भाताला ते भातच म्हणतात. बाटो म्हणजे वाट, तल म्हणजे खाली, आपल्या तळासारखं. उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार. कति म्हणजे किती. दुकानाला मात्र पसल म्हणतात. आणि जेवताना "पुग्यो" शिकून ठेवा, म्हणजे पुरे झालं, कारण दालभात मागाल तितका वाढतात, थांबवल्याशिवाय थांबत नाहीत.

घड्याळ. नेपाळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे. ऐकताना काहीच वाटत नाही पण सकाळी 6 ची बस म्हणजे आपल्या पावणेसहाला सुटते, आणि हातातलं घड्याळ आपल्या वेळेचं असलं की आपण आरामात 6 वाजता पोचतो आणि बस गेलेली राहते. मोबाईलवरही भरवसा नाही, बॉर्डरजवळ फोन कधी इकडचं टॉवर पकडते कधी तिकडचं, वेळ आपोआप मागेपुढे होते. मी सुनौलीची कमान ओलांडली की सगळ्यांना उभं करून हातातली घड्याळं 15 मिनिटं पुढे करायला लावतो, आणि बोलताना "नेपाळी सहा" असंच म्हणतो.

कॅलेंडरचं त्याहून वेगळं. सरकारी कामापासून बसच्या तिकिटापर्यंत सगळीकडे विक्रम संवत, आपल्या इंग्रजी सालापेक्षा साधारण 57 नं पुढे, नवीन वर्ष एप्रिलच्या मध्यात वैशाखात लागते. आणि हे महिने सौर, 29 पासून 32 दिवसांपर्यंतचे, म्हणजे आपल्या तिथीशी जोडायला गेलं तर जुळत नाहीत. तिकिटावर मंसिर 5 लिहिलं तर ती 5 डिसेंबर नव्हे. तिकीट घेतानाच इंग्रजी तारीख आणि वार पेनानं मागे लिहून घ्या. आठवड्याची मुख्य सुट्टी शनिवारी राहते. म्हणून पैसे बदलणं, सिमकार्ड असली कामं शनिवारवर ठेवू नका, आणि पशुपतिनाथाला शनिवारी गर्दी जास्त राहते हेही धरून चाला.

पैसा तसा सोपा आहे कारण भाव ठरलेला आहे, 1993 पासून आपला 1 रुपया म्हणजे त्यांचा 1 रुपया 60 पैसे. आपले 100 म्हणजे त्यांचे 160. भाव विचारला की लगेच विचारायचं "आयसी की एनसी", आयसी म्हणजे आपला पैसा, एनसी म्हणजे नेपाळी. हे न विचारल्यामुळेच भांडणं होतात, दुकानदार नेपाळी 800 सांगते आणि आपली बाई भारतीय 800 काढून देते, म्हणजे 300 रुपये जास्त गेले. मी माणशी थोडे पैसे बॉर्डरवरच्या काउंटरवर एनसी करून घेतो आणि सगळा व्यवहार एनसीतच. नोटांचं म्हणाल तर 2016 च्या नोटबंदीनंतर आपल्या मोठ्या नोटांचा तिथं वर्षानुवर्षं घोळ चालला, नियमही बदलत आले, म्हणून माझा रिवाज एकच, 100 च्या नोटा, त्याही चांगल्या. फाटक्या नोटा तिथं कोणी घेत नाही. मार्च 2024 पासून आपलं यूपीआय तिथल्या फोनपेच्या क्यूआरवर चालायला लागलं, फोनपे हे त्यांचं वेगळं आहे, आपलं ते नव्हे. काठमांडू-पोखऱ्याच्या मोठ्या दुकानात चालते, डोंगरातल्या चहाच्या टपरीवर त्याच्या भरवशावर बसू नका.

खाणं. आपल्या माणसांची खरी अडचण मोहरीच्या तेलाची होते. दोन दिवस निभते, तिसऱ्या दिवशी बायका म्हणतात "मायबाई, या वासानं घास उतरत नाही." म्हणून घरून जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि थोडे तिखट शंकरपाळे, चिवडा बांधून घ्या, दालभातासोबत चटणी असली की म्हातारी माणसं पोटभर जेवतात. डोंगरात ढिंडो मिळते, नाचणीचं नाही तर मक्याचं घट्ट पिठलं समजा, आमच्यातल्या जुन्या माणसांना ते आवडते. शाकाहारी असाल तर मोमो घेताना दहा वेळा विचारा, कारण साध्या मोमोत बहुतेक "बफ" म्हणजे म्हशीचं मांस राहते. मांसाहारी माणसांनाही आधी सांगा, काहींना म्हैस चालत नाही आणि खाल्ल्यावर समजलं की प्रवासभर मन खाते. गाय मात्र त्यांचा राष्ट्रीय प्राणी, मारणं गुन्हा आहे, स्वतःची गाडी नेणार असाल तर गायीजवळून जपून चालवा. उष्ट्याला ते जुठो म्हणतात आणि आपल्यापेक्षा कडक पाळतात, आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात टाकू नका.

लुंबिनीबद्दल जरा जास्त लिहितो कारण आपल्या भागातून जाणाऱ्यांचा जीव तिथंच गुंतलेला राहते. सुनौलीहून पंचवीसेक किलोमीटर. मायादेवी मंदिर, त्याच्या बाजूला अशोकाचा स्तंभ, जो 1896 मध्ये सापडला, आणि 1997 पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे. स्तंभावरचा मजकूर ब्राह्मी लिपीत आहे, वाचता येत नाही म्हणून लोक फोटो काढून पुढे निघतात. मी तिथं ग्रुपला खाली बसवतो आणि त्यात काय लिहिलं ते सांगतो: राज्याभिषेकाला 20 वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला, पूजा केली, इथं बुद्ध जन्मले म्हणून दगडी स्तंभ उभा केला, आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून फक्त उत्पन्नाचा आठवा हिस्सा ठेवला. शेतसारा माफ झाला हे ऐकल्यावर कास्तकार माणूस त्या दगडाकडे वेगळ्याच डोळ्यांनी पाहते. एका आजींनी, दिग्रसकडच्या, लांबूनच हात जोडले आणि विचारलं, "गावाची लोकं तवा किती खुश झाली असतील ना बाप्पा?" मला त्यावर काही बोलता आलं नाही.

पुढे मोठा कालवा, त्याच्या पूर्वेला थेरवादी देशांचे विहार आणि पश्चिमेला महायानी देशांचे (हे बौद्धांचे दोन मोठे पंथ), जपानी वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेलं. पायी सगळं होत नाही, ई-रिक्षा घ्या. बुद्ध भारतात जन्मले असं तिथं बोलू नका, हा नेपाळी माणसाचा फार हळवा विषय आहे आणि जन्मस्थळ तर खरंच त्यांच्या देशात आहे. आणि बाबासाहेबांना मानणारी मंडळी ग्रुपमध्ये असेल तर एक गोष्ट नक्की सांगा: 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली आणि त्याच नोव्हेंबरात बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, तब्येत खराब असताना. हे समजल्यावर काठमांडू नुसतं पाहायचं शहर राहत नाही.

पशुपतिनाथाला मुख्य मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश असा फलक आहे, पट्टा-पाकीट चामड्याचं असेल तर बाहेर ठेवावं लागते, आत फोटो नाही. मागे बागमतीच्या काठावर प्रेतं जळत राहतात, दुःखातल्या घरच्यांचे फोटो काढू नका, आपल्या घरच्या मातीत कोणी मोबाईल घेऊन उभं राहिलं तर कसं वाटेल. संध्याकाळची आरती पलीकडच्या काठावरून सगळ्यांना पाहता येते. स्वयंभू आणि बौद्धनाथला स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. एव्हरेस्ट काठमांडूतून दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे कोणाचा हिरमोड होत नाही.

आता केव्हा जायचं. तुम्ही दिवाळीनंतर म्हणता, हवा चांगली, सोयाबीन निघालेलं राहते, हरभरा पेरून होते, पण दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते, त्याच्या आधी नागपूरकडून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्यांमध्ये, राप्तीसागर धरून, पाय ठेवायला जागा नसते. छठ झाल्यावर जाताना गाड्या मोकळ्या होतात आणि येतानाच्या भरतात. म्हणून मी कार्तिक पौर्णिमेच्या पुढेच तारीख धरतो. दुसरं, डिसेंबर-जानेवारीत तराईत धुकं आणि शीतलहर, लुंबिनीत दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही, आपल्याकडच्या शालीनं भागत नाही. म्हणजे नोव्हेंबरचे शेवटचे 10-12 दिवस तुमच्यासाठी सगळ्यात बरे, नाही तर सरळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. तुमच्यातलं कोणी दिवाळीतच जाऊ शकत असेल तर मात्र तिहार पाहायला मिळते, पाच दिवस, कावळ्याची पूजा, कुत्र्याच्या गळ्यात हार, गाय, आणि पाडव्याला बैलाची पूजा. पोळ्यावाल्या आपल्या माणसांना हे दाखवण्यासारखं आहे, फक्त त्या दिवसांत गाड्या आणि हॉटेलं आधी ठरवावी लागतात.

पावसाळ्यात मी नेत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. 2024 च्या जुलैत सिमलतालला दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या, आणि त्याच ऑगस्टात जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत पडली, पंचवीसच्या वर माणसं गेली. ती आपलीच माणसं होती. त्या रस्त्यांवर एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला नदी, म्हणून रात्रीचा प्रवास कोणत्याच महिन्यात नको, आणि ड्रायव्हर तिथलाच घ्या. सुनौली ते काठमांडू पावणेतीनशे किलोमीटरच्या आत आहे पण आपल्या नागपूर रोडच्या हिशोबानं मोजू नका, अख्खा दिवस जाते, कधी त्याहून जास्त. इकडची गाडी न्यायची असेल तर बॉर्डरवर भन्सार म्हणजे कस्टमचा कागद आणि परवाना घ्यावा लागते, त्यात अर्धा दिवस धरा. शिवाय बंद, आंदोलन यांच्यासाठी एक दिवस मोकळा ठेवा. 2025 च्या सप्टेंबरात तरुणांचं आंदोलन पेटलं, संसद भवन जळालं, सरकार पडलं, तेव्हा ज्यांची परतीची तिकिटं अगदी घट्ट होती त्यांचे फार हाल झाले. पोलिसांचा नंबर तिथंही 100, पर्यटकांसाठीच्या पोलिसांचा 1144, ॲम्ब्युलन्स 102, हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येकाच्या खिशात हॉटेलच्या पत्त्यासोबत देतो.

राहिलं मुक्तिनाथ. याचं उत्तर तुमच्या माणसांच्या तब्येतीवर आहे. आपलं गाव समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटरवर, काठमांडू साधारण 1,400, पोखरा त्याहून खाली, जोमसोम 2,700 च्या आसपास आणि मुक्तिनाथ 3,700 च्या वर. पोखऱ्याहून सकाळी छोट्या विमानानं जोमसोम आणि लगेच जीपनं वर, असं केलं तर चार तासांत माणूस तीन हजार मीटर चढते. डोकं दुखते, मळमळते, पायऱ्या चढताना दम लागते, आणि म्हातारी माणसं दर्शन चुकेल म्हणून सांगत नाहीत. जोमसोमला दुपारनंतर वारा इतका सुटते की विमानं सकाळचीच, हवा बिघडली की तीही रद्द. म्हणून मी जोमसोमला किंवा वाटेत एक मुक्काम केल्याशिवाय वर नेत नाही. तुम्ही मोठ्या बाबांना बीपी आणि दम्याचा त्रास आहे असं लिहिलं, तर त्यांच्या डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय त्यांना वर नेऊच नका, आणि ते नाही म्हणाले तर 14 जणांचे दोन भाग करा, एक मुक्तिनाथला आणि एक पोखऱ्याला फेवा तलावावर दोन दिवस आराम करत. मोठी आई त्यांना सोडून वर जाणार नाहीत बहुतेक, त्यांना आधीच विचारून घ्या, पोखऱ्यात पोचल्यावर नको.